सासूबाईंची झोपेची गोळी उद्यापासून बंद करू नका

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सासूबाई ६८ वर्षांच्या. २०१९ मध्ये सासरे गेले, त्यानंतर त्यांची झोप उडाली म्हणून फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी रात्री सुरू केली. ती आजही चालू आहे आणि मधल्या काळात एकाच्या दोन झाल्या. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळी मिळते. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना त्या पडल्या, मुक्या मारावर निभावलं. तुमच्या यजमानांचं म्हणणं, "ही नशाच आहे, उद्यापासून पाकीट फेकून द्या." सासूबाई म्हणतात, "गोळीशिवाय माझा डोळ्याला डोळा लागत नाही." शेजारच्या एकांनी झोल्पिडेम ही "सवय न लागणारी" गोळी सुचवली आहे, तीही द्यावी का असं तुम्ही विचारलं आहे.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि अशी घरं माझ्याकडे नेहमी येतात. सगळ्यात तातडीचं आधी सांगते. उद्यापासून गोळी बंद करू नका. पाकीट फेकू नका, लपवूनही ठेवू नका. इतकी वर्षं रोज रात्री १ मिलिग्रॅम अल्प्राझोलम घेणाऱ्या माणसाने ते एका रात्रीत थांबवलं, तर प्रश्न नुसता झोपेचा राहत नाही. एक-दोन दिवसांत हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, जिवाची घालमेल सुरू होऊ शकते. काहींना भास होतात, घरातली माणसं ओळखू येईनाशी होतात, आणि काहींना फिट येते. या वयात फिट येणं जिवावर बेतू शकतं. तेलंगणात भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलम मिसळलं जात असे. तिथे कारवाई होऊन ती ताडी एकदम मिळेनाशी झाली, तेव्हा झटके आणि भास होणारी माणसं रुग्णालयात भरती करावी लागली होती. सासूबाई डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतात हे खरं, पण मेंदूच्या लेखी पदार्थ तोच आहे.

असं का होतं, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावं असं मला वाटतं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, चेतापेशींची चळवळ शांत करणं हे त्याचं काम. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन गटातली औषधं गाबाचा परिणाम वाढवतात, म्हणून माणूस शांत होतो आणि झोपतो. रोज बाहेरून अशी मदत मिळायला लागली की काही आठवड्यांत मेंदू स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो. मग त्याच गोळीने पूर्वीसारखी झोप लागत नाही आणि एकाच्या दोन होतात. गोळी अचानक काढली की चळवळीला आवर घालणारं काही उरत नाही आणि सगळं एकदम उसळतं. एखाद्या रात्री गोळी संपली होती आणि सासूबाई रात्रभर तळमळल्या, असं घडलं असेल. त्यावरून "निद्रानाश किती जबर आहे बघा" असं त्यांना वाटलं असेल. पण ती तळमळ बहुतेक वेळा गोळी चुकल्यामुळे असते. मूळचा निद्रानाश आज किती उरला आहे, हे गोळी सावकाश उतरवल्यावरच कळतं.

यजमानांना एवढंच सांगा की आईला नशेबाज ठरवू नका. दिलेली गोळी दिलेल्या वेळी घेतल्यानेही शरीराला सवय लागते, त्यात स्वभावाचा दोष नसतो. घरात रागावणं सुरू झालं की माणूस लपवून घ्यायला लागतो आणि मग किती गोळ्या पोटात जातात याचा हिशेबच राहत नाही.

"पॉइंट पाचच तर घेते, डॉक्टर." हे वाक्य ओपीडीत सतत कानावर पडतं. डब्यात शेजारी पॅरासिटामॉल ६५० असतं, शुगरची गोळी ५०० ची असते, त्यामुळे ०.५ हा आकडा चिमूटभर वाटतो. पण औषधाचा जोर मिलिग्रॅमवरून कळत नाही. अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅमचा जोर साधारण डायझेपाम १० मिलिग्रॅमइतका धरतात. क्लोनाझेपामच्या ०.५ चंही तसंच आहे. म्हणजे सासूबाई रोज रात्री डायझेपामच्या २० मिलिग्रॅमच्या तोडीचं औषध घेत आहेत, आणि तेही ६८ व्या वर्षी.

वयाचा मुद्दा मोठा आहे. तरुण माणसात अल्प्राझोलमचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी ११ तास लागतात, म्हाताऱ्या माणसात १६ च्या आसपास. रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा जवळजवळ निम्मा अंश दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला अंगात असतो, आणि त्यावर रात्री दहाला पुढचा डोस पडतो. क्लोनाझेपाम ३०–४० तास घेतं, डायझेपाम त्याहून जास्त. मध्यरात्री लघवीला उठताना डोळ्यांवर झापड, पायात ताकद कमी, तोल सांभाळणारी यंत्रणा मंद. अशात माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि चालतं-फिरतं माणूस अंथरुणाला खिळतं. तुमच्याकडे मुक्या मारावर निभावलं, पण तो इशारा समजा. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी वयस्कर माणसांना टाळावीत अशा औषधांची बिअर्स यादी काढते. त्यात बेंझोडायझेपिन आहेत आणि शेजाऱ्यांनी सुचवलेली झोल्पिडेमही आहे. साठीपुढच्या लोकांमधल्या अनेक चाचण्या एकत्र करून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ साली एक अभ्यास आला होता. त्यात असं दिसलं की झोपेची गोळी १३ जणांना द्यावी तेव्हा एकाची झोप खऱ्या अर्थाने सुधारते, आणि दर ६ जणांमागे एकाला काही ना काही दुष्परिणाम होतो. कित्येक महिने-वर्षं गोळी चालू ठेवायला हा हिशेब परवडणारा नाही.

आणखी एक. "आईला हल्ली विसरायला होतं, स्मृतिभ्रंश तर नाही ना," असं विचारत मुलं येतात तेव्हा मी आधी गोळ्यांचा डबा मागते. रात्रीच्या गोळीमुळे नव्या गोष्टी लक्षात राहत नाहीत, दिवसा गुंगी राहते, बोलताना शब्द सापडत नाहीत. गोळी सावकाश उतरवल्यावर पुष्कळांचं यातलं बरंच काही सुधारतं.

तुम्हीही आज संध्याकाळी तो डबा टेबलावर रिकामा करा आणि प्रत्येक स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ब्रँडचं नाव सोडून द्या, घटक वाचा. पोटातल्या मुरड्यासाठी, गॅससाठी दिलेल्या काही गोळ्यांत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं. ते याच गटातलं औषध आहे, पण घरात ती "पोटाची गोळी" म्हणून ओळखली जाते. उदासीवरच्या एसिटालोप्रामच्या काही गोळ्यांत क्लोनाझेपाम मिसळलेलं असतं, धडधडीवरच्या प्रोप्रॅनोलॉलच्या काहींतही असतं. एकाच बाईला तीन डॉक्टरांकडून तीन वेगळ्या नावांनी हाच गट चालू असतो आणि एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नसतं.

त्याच डब्यात गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल आहे का, नसांसाठी प्रीगॅबालिन आहे का, ते बघा. झोपेच्या गोळीबरोबर ही औषधं श्वास मंदावतात. विशेषतः ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर बेंझोडायझेपिन घेण्याविरुद्ध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१६ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गजकर्णाचा त्रास असेल तर इट्राकोनॅझोल चालू आहे का, हेही पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात ही कॅप्सूल सर्रास लिहिली जाते. ती यकृतात अल्प्राझोलमचं विघटन अडवते, रक्तातलं प्रमाण चढतं आणि माणूस दोन-दोन दिवस सुस्त पडतो. अल्प्राझोलम आणि इट्राकोनॅझोल एकत्र द्यायचंच नाही, असा नियम आहे. झोप येते म्हणून रात्री अविल ही ॲलर्जीची गोळी किंवा सर्दीचं सिरप घेणारी मंडळीही आहेत. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतो, प्रोस्टेटवाल्या पुरुषांची लघवी अडते आणि म्हातारपणी भ्रम होतो. गोळीऐवजी अविल हा पर्याय धरू नका.

झोप घालवणारी औषधंही याच डब्यात सापडतील. दम्यासाठी रात्री घेतलेली डेरिफायलिन, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी बीपीची गोळी, थायरॉइडचा गरजेपेक्षा जास्त डोस. डॉक्टरांना विचारून नुसती वेळ किंवा मात्रा बदलली तरी काहींचं रात्रीचं उठणं निम्म्यावर येतं.

आता उतरवायचं कसं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं आहे. तरीही पद्धत तुम्हाला माहीत असावी, कारण रोज रात्री गोळी हातात घेणारं माणूस घरातच असतं. सर्वसाधारण मार्गदर्शन असं, की दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात करावी आणि कोणत्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त करू नये. बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये हे बसवावं लागतं. अल्प्राझोलमची ०.२५ ची गोळी मिळते, तिचे दोन भाग केले की ०.१२५ होतं. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती घ्या. सुरीने कापलेल्या तुकड्यांत एक मोठा आणि एक भुगा, असंच होतं. सासूबाईंच्या १ मिलिग्रॅमवरून ०.८७५, मग ०.७५, मग ०.६२५ असं ०.१२५ च्या पायरीने उतरलं, तर आठ पायऱ्या होतात. दर पायरीला तीन आठवडे धरले तरी जवळजवळ सहा महिने. सुरुवातीच्या पायऱ्या तशा सोप्या जातात. ०.५ च्या खाली मात्र तीच ०.१२५ ची कपात उरलेल्या डोसाच्या मानाने मोठी ठरते, म्हणून शेवटी जास्त थांबावं लागतं, कधी आणखी छोटा तुकडा करावा लागतो. काही डॉक्टर दीर्घ टिकणाऱ्या औषधावर नेऊन मग उतरवतात. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ गोळी सोडवण्याचं क्लिनिक चालवलं, डायझेपामवर आणून सावकाश उतरवायची पद्धत तिथून सर्वदूर गेली. पण म्हाताऱ्या शरीरात डायझेपाम साठत जातं. पडण्याचा इतिहास असलेल्या बाईला ते द्यायचं की नाही, हे प्रत्यक्ष तपासूनच ठरवावं. पाकिटावर एसआर किंवा सीआर लिहिलेली गोळी कधीही कापू नका. तिच्यातलं रात्रभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

एक साधी वही करा. तारीख, किती घेतली, झोप साधारण किती, पडणं किंवा तोल जाणं झालं का, एवढेच रकाने. प्रत्येक पायरीनंतर तीन-चार रात्री झोप बिघडणार, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. त्या रात्री माहीत असल्या की माणूस धीर धरतो, नाहीतर "बघा, मला सोसत नाही" म्हणून पुन्हा जुन्या डोसावर जातो. फारच त्रास झाला तर त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे थांबायचं. शक्यतो पुन्हा वर चढायचं नाही. घरात लग्नकार्य, दिवाळी, शस्त्रक्रिया, मुलगी परदेशात परत जाणार, असं काही असेल तर त्या महिन्यात पायरी उतरू नका. घाई करण्यासारखं इथे काहीच नाही.

वय झालेल्या माणसाला हे जमतं का? जमतं. कॅनडात क्वेबेकमध्ये बरीच वर्षं ही गोळी घेणाऱ्या ६५ वर्षांवरच्या लोकांना औषधांच्या दुकानांमार्फत एक पुस्तिका दिली गेली. गोळीचे धोके आणि ती सावकाश उतरवायचं वेळापत्रक त्यात होतं. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी सहा महिन्यांत पूर्ण सुटली, न मिळालेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांची. नुसत्या नीट दिलेल्या माहितीने एवढं झालं. तुमच्याकडे तर शेजारी बसणारी सून आहे.

मात्र गोळी कमी होत जाताना तिच्या जागी झोप यायला हवी, आणि त्यासाठी दिवसाची घडी बदलावी लागते. निद्रानाशावरचा पहिला उपचार म्हणून आज जगभरात जे मानतात, ती झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं. तिचा गाभा असा, की अंथरुणात झोपेशिवाय वेळ काढायचा नाही.

सासूबाईंचा दिवस विचारून पाहा. मालिका संपली की नऊला त्या आडव्या होत असतील, सकाळी सहाला उठत असतील. म्हणजे अंथरुणात नऊ तास. त्यांतली झोप साडेपाच तास धरली, तर साडेतीन तास छताकडे बघण्यात जातात, आणि शरीर अंथरुणाचा संबंध जागरणाशी जोडतं. दुपारी जेवणानंतर दीड तास डोळा लागला असेल तर रात्रीच्या झोपेची भूक तिथेच भागलेली असते. ६८ व्या वर्षी पहाटे चारला जाग येणं हा आजार असेलच असं नाही. नऊला झोपलेल्या माणसाचे सात तास चारला पूर्ण होतात. "मला सकाळी सहापर्यंत झोप लागली पाहिजे" ही अपेक्षा घेऊन गोळी वाढवत नेलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी हा साधा हिशेब आधी कुणीतरी करायला हवा होता.

म्हणून आधी उठण्याची वेळ पक्की करा. समजा साडेपाच. रविवार असो, रात्र कशीही गेली असो, साडेपाचला उठायचं, खिडकी उघडायची, अंगणात किंवा गॅलरीत उजेडात यायचं. मग झोपायला जाण्याची वेळ हळूहळू पुढे न्या, दर आठवड्याला अर्धा तास. नऊचे साडेनऊ, दहा, साडेदहा. अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेच्या जवळ येऊ लागला की झोप सलग होते. नव्वद टक्के वेळ झोपेत जायला लागला की पाव-पाव तासाने परत वाढवा. तरुण माणसात आम्ही हे एकदम आणि कडक करतो. पडलेल्या, गोळी उतरवत असलेल्या वयस्कर बाईत ते मऊपणेच करायचं, आणि साडेसहा तासांपेक्षा कमी वेळ ठेवायचा नाही. फिट येण्याचा किंवा बायपोलर आजाराचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेचे तास कमी करू नका. दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांची, तीही तीनच्या आत, खुर्चीत बसून. रात्री जाग येऊन डोळा लागेना, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, जपमाळ ओढायची, गहू निवडायचे, काहीही शांत काम करायचं आणि पेंग आली की परत यायचं. उशाला घड्याळ नको. किती वाजले हे बघितलं की झोपेचा हिशेब सुरू होतो.

संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद करा. आणि संकोच न करता विचारा, की त्या मिसरी लावतात का. आपल्याकडच्या अनेक बायका रात्री झोपताना आणि मध्ये जाग आल्यावरही मिसरी लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे, निकोटीन मेंदूला जागं करतं. डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत, म्हणून हे कारण वर्षानुवर्षं सापडतच नाही.

सासरे गेल्यावर झोप गेली, असं तुम्ही लिहिलं आहे. त्या दुःखाबद्दल सासूबाईंशी त्यानंतर कुणी नीट बोललं का? पहाटे तीनला जाग येऊन मन खायला उठणं, जेवणाची इच्छा नसणं, देवदर्शनाला जाणं सुटणं, "आता कशाला जगायचं" असे उद्गार, ही नैराश्याची लक्षणं आहेत. ते असेल तर झोपेची गोळी त्यावर कधीच पुरी पडणार नाही आणि नैराश्याचा उपचार झाल्याशिवाय गोळी उतरणारही नाही. त्यावर वेगळी औषधं आहेत, त्यांतली काही झोपेलाही मदत करतात आणि या गटातली नाहीत. तसंच त्या जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडकून दचकतात का, रात्री पायांत वळवळ होऊन हलवत राहावंसं वाटतं का, हे डॉक्टरांना सांगा. पहिल्या दोन गोष्टी श्वास अडण्याच्या आजाराच्या आहेत आणि त्यात झोपेची गोळी घातक ठरते. पायांची वळवळ पुष्कळदा शरीरातलं लोह कमी झाल्यामुळे असते, तिला रक्ततपासणी आणि लोहाच्या गोळ्या लागतात.

आता झोल्पिडेम. ती सुरू करू नका. ती बेंझोडायझेपिन नाही, पण गाबाच्याच यंत्रणेवर काम करते, तिचीही सवय लागते, आणि आपल्या अमली पदार्थविषयक कायद्यात तीही मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. अंगातून ती लवकर जाते, प्रमाण दोन-तीन तासांत निम्मं होतं, पण बायकांच्या शरीरात ती जास्त रेंगाळते. म्हणूनच एफडीएने २०१३ मध्ये बायकांसाठी सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम करायला सांगितला. २०१९ मध्ये आणखी कडक इशारा आला. ही गोळी घेऊन माणसं झोपेत चालली, स्वयंपाक करायला गेली, गाडी चालवली, आणि सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. काहींचा त्यात जीव गेला. रात्री एकदा पडलेल्या बाईला ही गोळी अल्प्राझोलमच्या जोडीला देणं म्हणजे धोका दुप्पट करणं.

याचा अर्थ झोपेची गोळी कधीच घेऊ नये असा नाही. घरात मृत्यू झाला, अपघात झाला, शस्त्रक्रियेआधी जीव टांगणीला लागला, अशा वेळी काही रात्रींची झोप माणसाला सावरते आणि मी स्वतः गोळी लिहिते. तेव्हा मी ती सर्वांत लहान डोसात, दोन आठवड्यांची, फार तर चार, आणि चिठ्ठीवर थांबवायची तारीख घालूनच देते. तुमच्यापैकी कुणाला नव्याने गोळी दिली गेली, तर दवाखान्यातून उठण्याआधी "ही कधी बंद करायची" असं विचाराच. रोज न घेता आठवड्यातल्या दोन-तीन वाईट रात्रींनाच घेता येईल का, हेही विचारा. गोळी अंथरुणावर बसूनच घ्यायची, पुढे सात-आठ तास मोकळे असतील तरच. ती घेऊन मालिका बघत बसायचं नाही, दारात कुलूप लावायला जायचं नाही. रात्री दोनला जाग आली म्हणून दुसरी घ्यायची नाही, कारण सकाळी स्कूटर चालवताना ती अंगात असते. दारू घेतली असेल त्या रात्री गोळी अजिबात नाही, दोन्ही मिळून श्वास थांबवू शकतात. गरोदर बायका, यकृताचा आजार असलेले, सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे रुग्ण यांनी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि स्वतःची गोळी शेजारणीला देऊ नये. "मला लागू पडली" एवढ्यावर हे औषध द्यायचं नसतं.

मेडिकलबद्दल. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी औषधयादीत आहेत. डॉक्टरांचं, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या, याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपणं दुकानदाराला बंधनकारक आहे. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं गोळी देणं बेकायदा आहे. पण एखाद्या दिवशी तपासणी होईल, दुकानदार "आता मिळणार नाही" म्हणेल, आणि सासूबाईंची गोळी एका रात्रीत बंद पडेल, याची मला जास्त काळजी वाटते. म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून ताजी चिठ्ठी घ्या, तिच्यावर उतरण्याचं वेळापत्रक लिहून घ्या. सासूबाई मुलीकडे परदेशात जाणार असतील, तर मूळ पाकीट आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. अमिरातीसारख्या देशांत या गोळ्या नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते.

गोळ्यांचा ताबा उतरण्याच्या काळात तुम्ही ठेवा आणि एका रात्रीची मात्राच बाहेर काढा. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत मंद दिवा, बाथरूममध्ये धरायला दांडा, ओली पायपुसणी काढून टाकणं, हे आजच करा. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचा सगळा डबा, एका आठवड्याची झोपेची वही आणि सासूबाईंना घेऊन जा. त्यांच्या पश्चात त्यांच्या गोळीबद्दल ठरवलं, तर त्या साथ देणार नाहीत. जवळपास मनोविकारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

गोळी उतरवताना थरथर वाढत चालली, भास झाले, त्या असंबद्ध बोलायला लागल्या किंवा फिट आली, तर वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा की कोणती गोळी, किती वर्षं चालू होती आणि शेवटची कधी घेतली. त्या उठवूनही उठत नसतील, श्वास संथ किंवा घरघरता असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर एका कुशीवर वळवा, तोंडात पाणी किंवा काही घालू नका आणि १०८ ला फोन करा. स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजा आणि ती स्ट्रिप बरोबर न्या.